स्वतःचाच पाठलाग

चित्रपटांवर लिहिणाऱ्या आम्हा मंडळींना एक खोड आहे. आम्ही चेहऱ्यांवर लिहितो. नायकाचे डोळे, नायिकेचे हास्य, खलनायकाची वर चढलेली भुवई ह्यांवर पानेच्या पाने खर्ची पडतात. फार झाले तर दिग्दर्शकाच्या दृष्टीला दोन परिच्छेद आणि संगीताला एक. परंतु ज्या क्षणी आपण खुर्चीच्या कडेवर सरकतो आणि शेजारच्याचा दंड नकळत घट्ट धरतो, त्या क्षणी पडद्यावर बहुधा चेहरा दिसतच नसतो. दिसते ती एक पाठ. धावत्या घोड्यावरून झेपावणारी, धुळीत लोळणारी, जिन्यावरून गडगडत खाली येणारी. त्या पाठीवर कुणी लिहीत नाही. सणासुदीचे दिवस आहेत, फराळाचे ताट पुढे आहे, वाचकही चार घटका निवांत आहे. तेव्हा ह्या वेळी चेहरे बाजूला ठेवून आपण त्या पाठीकडे पाहू.

मी पेशाने शाळामास्तर आणि व्यसनाने कादंबरीकार. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यामुळे सौंदर्यशास्त्राची जड परिभाषा माझ्याजवळ नाही, आणि असती तरी ह्या विषयाला ती मानवली असती असे वाटत नाही. कारण विषय आहे पडण्याचा. अमेरिकेतल्या जुन्या ‘वेस्टर्न’ चित्रपटांत पडून पडून ज्याने पडण्याचे शास्त्र केले, त्या यॅकिमा कनट नावाच्या स्टंटमनचा.

‘वेस्टर्न’ म्हणजे काय ते घरातल्या मोठ्यांना सांगायला नको. उजाड माळ, एक लाकडी गाव, गुत्ता, कमरेला पिस्तुले लावलेला एक अबोल नायक, त्याच्या वाईटावर असलेली चारसहा माणसे, आणि सगळ्यांच्या बुडाखाली घोडे. कथा बेताचीच. पळसाला पाने तीनच, तशी ह्या कथांनाही वळणे तीनच: पाठलाग, मारामारी आणि शेवटचा गोळीबार. मग माणसे वर्षानुवर्षे हे पाहत कशासाठी होती? माझे उत्तर असे की, ती घोड्यावर बसलेला मनुष्यदेह पाहायला जात होती. वेग आणि तोल ह्यांचा जो झगडा प्रत्येक पोराने झाडावर चढताना किंवा सायकलवर हात सोडताना अनुभवलेला असतो, तोच तिथे हजारपटीने मोठा होऊन दिसे. आणि तो झगडा प्रत्यक्षात करीत असे नायकाच्या कपड्यांतला दुसराच कुणी, ज्याला आपल्याकडे ‘डमी’ किंवा ‘डुप्लिकेट’ म्हणतात.

यॅकिमाचे खरे नाव ईनॉस एडवर्ड कनट. जन्म २९ नोव्हेंबर १८९५ चा, अमेरिकेच्या वायव्येकडील वॉशिंग्टन राज्यात, कोलफॅक्स गावाजवळचा. घोड्यांच्या सहवासातच तो वाढला. तिकडे बेफाम, अंगावर कुणाला बसू न देणाऱ्या घोड्यावर ठरावीक वेळ टिकून राहण्याचे जाहीर सामने भरतात. त्यांना ‘रोडिओ’ म्हणतात. ह्या खेळांत त्याने नाव काढले. ऑरेगॉन राज्यातल्या पेंडलटन येथील सामन्यांत १९१७, १९१९, १९२० आणि १९२३ अशी चार वेळा सर्वांगीण विजेतेपदाची माळ त्याच्या गळ्यात पडली.

आता ‘यॅकिमा’ हे नाव कुठून आले पाहा. यॅकिमा हे त्याच राज्यातल्या दुसऱ्या एका गावाचे नाव, आणि त्या भागातल्या मूळच्या आदिवासी लोकांचेही. कनटचा ह्या दोहोंशी काही संबंध नव्हता. १९१४ साली पेंडलटनच्या सामन्यांच्या वेळी एका वृत्तपत्राने छायाचित्राखाली चुकून त्याला ‘यॅकिमा कनट’ म्हटले, आणि ती चूक त्याला जन्मभर चिकटली. ज्या माणसाचे सारे आयुष्य दुसऱ्यांचे कपडे घालून, दुसऱ्यांच्या नावावर जमा होणारे पराक्रम करण्यात जायचे होते, त्याला स्वतःचे नावदेखील छापखान्याच्या चुकीतून मिळावे! मी हे कादंबरीत लिहिले असते तर संपादकांनी ‘फार जुळवून आणलेले वाटते’ असा शेरा मारून कागद परत केले असते. वास्तवाला मात्र संपादक नसतो.

१९१९ च्या सुमारास तो हॉलिवुडला आला. मूकपटांचा जमाना होता आणि घोड्यावर बसता येणाऱ्या देखण्या माणसाला तिथे मागणी होती. म्हणता म्हणता तो नायक झाला. १९२६ सालच्या ‘द डेव्हिल हॉर्स’ ह्या मूकपटात तो नायक आहे, आणि त्याच्याबरोबरीची भूमिका रेक्स नावाच्या एका नामांकित घोड्याची आहे. म्हणजे यॅकिमा कनट हा चेहरा नसलेला माणूस जन्मतः नव्हता. चेहरा त्याला होता; पोस्टरवर छापलेला होता. मग तो गेला कुठे?

तो बोलपटाने नेला. पहिल्या महायुद्धाच्या वेळी आरमारात असताना त्याला फ्लू झाला होता आणि त्यात घशाला कायमची इजा झाली होती. मूकपटात आवाजाचे काम नव्हते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस पडदा बोलू लागला, आणि नायकाला शोभेल असा आवाज ह्या माणसाजवळ नाही, हे ध्यानी आले.

इथे मला आपल्या मास्टर विठ्ठलची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेला हा मराठी नट मुंबईच्या मूकपटांत तलवारबाजीचा आणि साहसाचा राजा होता. १९३१ साली ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानातला पहिला बोलपट निघाला तेव्हा नायक म्हणून त्याचीच निवड झाली. पण हिंदी-उर्दूचे उच्चार जमेनात, म्हणून बोलपटाच्या त्या नायकाला बराच वेळ गुंगीत, न बोलता ठेवावे लागले. पृथ्वीच्या दोन टोकांना दोन शूर देह एकाच यंत्रापुढे निरुत्तर झाले. विठ्ठल पुढेही पडद्यावर दिसत राहिला. कनटने वेगळाच मार्ग धरला. आवाज नाही तर नाही, चेहराही नको. माझा देह घ्या, असे जणू त्याने म्हटले. पडती बाजू घेणे हा शब्दप्रयोग आपण हिणवण्यासाठी वापरतो. ह्या माणसाने ती अक्षरशः घेतली आणि तिच्यावर घर उभे केले.

१९३३ ते १९३५ ह्या काळात ‘लोन स्टार’ ह्या नाममुद्रेखाली स्वस्तातले, झटपट काढलेले वेस्टर्नपट येत होते. नायक होता जॉन वेन नावाचा उंच, तरुण, अजून नाव न झालेला नट. ह्यांतल्या अनेक चित्रपटांत खलनायक असे यॅकिमा कनट. आणि धोक्याच्या प्रसंगी नायकाचा डुप्लिकेट असे, तोही यॅकिमा कनट! पाठलागात पुढे पळणारा खलनायक तो, मागून दौडत येऊन त्याच्यावर झेप घालणारा नायकही तोच. निरनिराळ्या वेळी चित्रण करून तुकडे जोडले की काम झाले. पैसे वाचविण्याची एक युक्ती, एवढाच तिचा त्या वेळी अर्थ होता. मला मात्र त्यात ह्या सगळ्या चित्रपटप्रकारावरचे एक मार्मिक भाष्य दिसते. वेस्टर्नपटाचा सारा डोलारा सज्जन आणि दुर्जन ह्यांतल्या स्वच्छ भेदावर उभा. आणि ह्या दोघांच्या कपड्यांत देह एकच. तो स्वतःचाच पाठलाग करतो, स्वतःलाच लोळवतो, आणि दोन्हीकडून खरचटते ते त्यालाच.

वेन आणि कनट ह्या जोडीने, दिग्दर्शक रॉबर्ट ब्रॅडबरीच्या साथीने, आणखी एक गोष्ट बसविली. तोपर्यंत पडद्यावरची मुष्टियुद्धे लुटुपुटीची दिसत. खरी करायची तर नटांचे जबडे सुजत. ह्यांनी हिशेब केला तो कॅमेऱ्याच्या डोळ्याचा. कॅमेरा एका विशिष्ट कोनात ठेवला, ठोसा प्रतिस्पर्ध्याच्या गालाजवळून सफाईने जाऊ दिला, आणि समोरच्याने नेमक्या क्षणी मान झटकली की पाहणाऱ्याला ठोसा बसलाच असे वाटते. आवाज मागाहून भरायचा. आपल्या हिंदी चित्रपटांतल्या ज्या ‘ढिशूम’वर पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी अंगणात एकमेकांना लोळवले, त्याच्या मुळाशीही हेच तत्त्व आहे. हुकलेला ठोसा बसलेल्या ठोशापेक्षा खरा दिसतो, हा कलेचा एक मूलभूत धडा आहे. अलंकारशास्त्राच्या ग्रंथांतून तो मला इतका स्पष्ट कधी उमगला नव्हता.

आणि जॉन वेन? त्याचे ते थोडे कलते, संथ, जमिनीची मालकी सांगणारे चालणे, ते तुटक बोलणे, ह्यांवर पुढे साऱ्या जगाने जीव टाकला. त्यातले पुष्कळसे आपण यॅकिमाकडून उचलले असे वेननेच सांगून ठेवले आहे. म्हणजे जगाला वाटत राहिले की डुप्लिकेट नायकाची नक्कल करतो. आणि इथे नायकच डुप्लिकेटची नक्कल करीत होता! मूळ कोणते आणि प्रत कोणती, हा प्रश्न समीक्षकांनी पोथ्यांच्या बाबतीत फार विचारला. तो माणसांच्या बाबतीतही विचारावा लागतो तो असा.

आता ज्या चित्रपटामुळे हा लेख लिहावासा वाटला त्याकडे वळतो. जॉन फोर्डचा १९३९ सालचा ‘स्टेजकोच’. सहा घोड्यांच्या एका प्रवासी गाडीतून नाना तऱ्हेची माणसे धोक्याच्या मुलखातून चालली आहेत, आणि मोकळ्या सपाटीवर अपाची योद्धे गाडीवर तुटून पडतात. एक अपाची आपला घोडा भरधाव आणून गाडीच्या पुढल्या जोडीवर झेप घेतो. गाडीच्या टपावरून नायक रिंगो, म्हणजे वेन, त्याच्यावर गोळी झाडतो. अपाची दोन घोड्यांच्या मधोमध खाली कोसळतो, धुरेला लोंबकळत फरफटत जातो, पुन्हा गोळी, हात सुटतात, आणि उधळलेले घोडे व मागची अख्खी गाडी त्याच्यावरून निघून जाते. मागे धुळीत तो देह वळवळताना दिसतो, म्हणजे हा बाहुला नव्हे अशी पाहणाऱ्याची खात्री पटते. तो कनट होता. थोड्या वेळाने गाडीचे लगाम सुटतात तेव्हा रिंगो टपावरून उडी मारून घोड्यांच्या एका जोडीवरून दुसरीवर आणि दुसरीवरून तिसरीवर झेपावत पुढे जातो. तोही कनट. म्हणजे पुन्हा तेच. मारणारा तो आणि मरणाराही तो.

हा प्रसंग मी पुष्कळ वेळा पाहिला आहे आणि त्याच्या परिणामाचे रहस्य माझ्या परीने शोधले आहे. एक तर फोर्ड इथे तुकडे पाडत नाही. पडणे, फरफटणे आणि गाडी वरून जाणे हे सारे आपण सलग पाहतो. जिथे तुकडे पडतात तिथे प्रेक्षकाचे मन सुटकेचा निःश्वास टाकते, कारण मधल्या फटीत काहीतरी लबाडी केली असेल हे त्याला ठाऊक असते. इथे फटच नाही. दुसरे असे की, पडणारा माणूस ह्या पडण्याचा तमाशा करीत नाही. हातपाय झाडणे नाही, आक्रस्ताळेपणा नाही. तो जड वस्तू पडावी तसा पडतो. उत्तम गद्यही असेच असते. वाक्य आपले ओझे घेऊन खाली उतरते आणि लेखक मध्ये हातवारे करीत नाही.

आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे. हे धाडस दिसते, पण ते धाडस नव्हे. हीच करामत कनटने दोन वर्षांपूर्वी, १९३७ मध्ये, एका किरकोळ चित्रपटात करून पाहिलेली होती. घोड्यांच्या जोड्यांत किती अंतर ठेवून जुंपायचे, खाली कुठे धरायचे, सोडताना अंग कसे ताठ आणि हातपाय कसे आवळलेले ठेवायचे, ह्याचा हिशेब बांधलेला होता. आपल्याकडे मल्लखांबावर चढणाऱ्या पोराला टाळ्या पडतात. पण उतरणेही चढण्याइतकेच शिकावे लागते हे तो पोर जाणतो आणि त्याचा वस्ताद जाणतो. बेफिकीर माणूस एकदा पडतो. कनट वर्षानुवर्षे पडला, कारण तो बेफिकीर नव्हता.

इथवर स्तुती झाली. परंतु समीक्षकाने आरती ओवाळून थांबू नये. ‘स्टेजकोच’मधला तो अपाची पाहताना मला दर वेळी एक खडा टोचतो. त्या योद्ध्यांना चित्रपटात नाव नाही, शब्द नाही, बाजू नाही. ते कुठून तरी येतात आणि पडतात. अपाचींचा नेता जेरोनिमो ह्याचे नाव भीतीपुरते घेतले जाते. प्रत्यक्षात हे लोक आपल्याच भूमीसाठी लढत होते आणि १८८६ साली जेरोनिमोच्या शरणागतीने त्या लढ्याचा शेवट झाला. चित्रपटासाठी अपाची म्हणून उभे केलेले पुष्कळसे लोक नाव्हाहो ह्या वेगळ्याच जमातीचे, आणि त्यांतला सर्वांत लक्षात राहणारा तर चुकून आदिवासी नाव मिळालेला गोरा कनट. त्या पडण्यात जी कला आहे ती अस्सल. पण ज्या कथेची ती चाकरी करते तिच्यात पडणाऱ्याच्या दुःखाला जागा नाही. डुप्लिकेटचा चेहरा दिसू नये ही चित्रपटाची सोय होती. त्या लोकांचा चेहरा दिसू नये ही एका राष्ट्राची सोय होती. कनटच्या एका देहात ह्या दोन्ही सोयी एकवटल्या आहेत. हे लक्षात ठेवून तो प्रसंग पाहिला तर त्याची किंमत कमी होत नाही, पण तो पाहताना नुसत्या टाळ्या वाजवता येत नाहीत.

त्याच वर्षी, १९३९ मध्येच, ‘गॉन विथ द विंड’ आला. जळत्या अटलांटा शहरातून घोडागाडी हाकीत नायिकेला बाहेर काढणारा ऱ्हेट बटलर, म्हणजे क्लार्क गेबल, हे त्या चित्रपटातले गाजलेले दृश्य. ज्वाळांपुढून गाडी हाकणारी ती आकृती पुष्कळशी कनटची आहे. आणि पुढे पुलावर नायिकेच्या गाडीवर झडप घालणारा गुंड, तोही कनटच. एकाच चित्रपटात एकाच बाईला वाचवायचे आणि तिच्यावर हल्लाही करायचा! त्या वर्षीच्या दोन सर्वांत गाजलेल्या चित्रपटांच्या पोटात हा माणूस होता, आणि थिएटरातून बाहेर पडणाऱ्या लाखोंपैकी कुणाच्या तोंडी त्याचे नाव नव्हते.

दुसरा खडा आहे तो घोड्यांचा. त्या काळी धावता घोडा नेमक्या जागी पाडण्यासाठी त्याच्या पुढच्या पायांना तारा बांधीत; ठरलेले अंतर संपले की तार ताठ होई आणि घोडा तोंडघशी पडे. ‘रनिंग डब्ल्यू’ असे त्या युक्तीचे नाव. १९३६ सालच्या ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’मध्ये अशा प्रकारांनी बरेच घोडे मेले. १९३९ सालच्या ‘जेसी जेम्स’साठी कड्यावरून पाण्यात लोटलेला एक घोडा मेला, त्यावरून गदारोळ झाला, आणि मग प्राणिदया संस्थेच्या माणसांची चित्रणावर देखरेख सुरू झाली. कनटनेही ती तारेची युक्ती वापरली होती. आपल्या हातून घोडा जायबंदी झाला नाही असे त्याचे म्हणणे होते. असेलही. तरी माणूस स्वतःच्या खुशीने, मोबदला घेऊन पडतो. घोड्याला कुणी विचारलेले नसते. घोड्यावर जन्म काढलेल्या माणसाच्या चरित्रात ही ओळ खोडता येत नाही.

पण त्याच चरित्रातली दुसरी ओळही वाचली पाहिजे. स्टंटमनला धोका नुसता पडण्याचा नसतो, अडकण्याचाही असतो. रिकिबीत पाय अडकला की घोडा माणसाला फरफटत नेतो. कनटने एका बाजूने उघडी, काटकोनी रिकीब करविली, तिच्यातून पाय आपोआप सुटतो. गाडी उलटण्याच्या क्षणी घोडे सुटे होऊन पुढे निघून जावेत अशी जुंपणी त्याने योजली. ह्या गोष्टी पडद्यावर दिसत नाहीत. दिसल्या तर फसल्या. मात्र ह्याच्या योगाने पडणे हा नशिबाचा खेळ राहिला नाही, शिकविता येण्याजोगा धंदा झाला. मास्तर म्हणून मला त्याची ही बाजू सर्वांत मोठी वाटते. स्वतःला येणारी गोष्ट करून दाखविणारे पुष्कळ असतात. ती दुसऱ्याला हातपाय शाबूत ठेवून करता यावी म्हणून खटपट करणारा विरळा.

त्याचे स्वतःचे हातपाय मात्र शाबूत राहिले नाहीत. १९४० च्या ‘बूम टाउन’मध्ये गेबलच्या ऐवजी काम करताना घोडा अंगावर पडून पोटाला भयंकर इजा झाली. १९४३ च्या ‘आयडाहो’मध्ये रॉय रॉजर्सच्या ऐवजी काम करताना दोन्ही पाय घोट्यांपाशी मोडले. वय पन्नाशीकडे झुकत होते. दुसरा एखादा घोड्यांचा तबेला काढून स्वस्थ बसला असता. कनट कॅमेऱ्याच्या मागे गेला आणि चित्रपटांतल्या मोठमोठ्या साहसदृश्यांचे दिग्दर्शन करू लागला. १९५२ च्या ‘आयव्हनहो’तल्या झुंजींमागे त्याचा हात आहे, आणि १९५९ च्या ‘बेन-हर’मधली रथांची शर्यत तर त्याच्या आयुष्याचा कळस.

विल्यम वायलरच्या ह्या चित्रपटातील शर्यतीचे दिग्दर्शन अँड्र्यू मार्टन आणि कनट ह्यांनी केले. रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत सुमारे १८ एकरांवर रिंगण उभारले होते. नऊ रथ, प्रत्येकाला चार घोडे, म्हणजे एका वेळी ३६ घोडे धावणार. कनटने घोडे तयार केले, सारथी तयार केले, नायक चार्ल्टन हेस्टन ह्याला रथ हाकायला शिकविला. हेस्टनला धाकधूक होती. तेव्हा, तू फक्त रथात टिकून राहा, शर्यत तूच जिंकशील ह्याची हमी माझी, अशा अर्थाचे काहीसे कनट त्याला म्हणाला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. १९२५ साली ह्याच कथेवर निघालेल्या मूकपटाच्या वेळी बरेच घोडे मेले होते. १९५९ च्या शर्यतीतही एक माणूस मेला अशी आवई पुढे कित्येक वर्षे उठत राहिली. ती खोटी आहे. पाहणाऱ्याला जिथे मृत्यू झाल्यासारखा वाटतो आणि प्रत्यक्षात कुणी मरत नाही, तिथे ह्या कलेची परिसीमा झाली असे मी म्हणेन.

त्या शर्यतीत एक क्षण असा आहे की, मोडून पडलेल्या रथावरून बेन-हरचा रथ उडी घेतो आणि सारथी पुढच्या बाजूला फेकला जातो. ही उडी हेस्टनच्या ऐवजी कनटचा मुलगा जो ह्याने घेतली. उडी ठरलेली होती. फेकले जाणे ठरलेले नव्हते. पोरगा रथाच्या पुढच्या कठड्याला धरून घोड्यांच्या मागे लोंबकळला आणि परत वर आला. हनुवटीला जखम झाली, एवढ्यावर निभावले. तो तुकडा चित्रपटात ठेवला, आणि नायक रथात परत चढतो असे हेस्टनचे दृश्य त्याला जोडले. साऱ्या हयातीत ज्याने अपघाताला हिशेबात बांधले त्याच्या पोटच्या पोरापुढे अपघात उभा राहिला, आणि तो ज्यामुळे वाचला ती पकड बापाने शिकविलेलीच असली पाहिजे. कनट तेव्हा दिग्दर्शक म्हणून तिथे होता. त्या घटकेला त्याच्या मनात काय झाले असेल, ते मुले असलेल्या वाचकांनीच ओळखावे.

कुणी म्हणेल, मास्तर, हे सारे ठीक. पण ही कला कशी? ह्यात भावना कुठे आहे, जीवनदर्शन कुठे आहे? माझे उत्तर साधे आहे. दहीहंडीत हंडी फोडणाऱ्या पोराचे छायाचित्र छापून येते. सर्वांत खालच्या थरातल्या माणसांच्या पाठीच तेवढ्या दिसतात. पण भार कुणी पेलला ह्याचे उत्तर छायाचित्रावरून ठरत नाही. जॉन वेनने ‘स्टेजकोच’मध्ये डोळ्यांनी जे वचन दिले, ते कनटने देहाने पाळले. दोन्ही मिळून रिंगो झाला. अभिनय ही जर दुसऱ्याच्या अंतःकरणात शिरण्याची कला असेल, तर दुसऱ्याच्या चालीत, बसण्यात, झोक जाण्यात शिरणे हाही अभिनयच. फक्त त्याची अट कठोर आहे. नटाचे कौशल्य ओळखले गेले की त्याचे सार्थक होते. डुप्लिकेटचे सार्थक तो ओळखला न जाण्यात असते.

आपल्याकडे हीच गोष्ट उलट्या टोकाने सिद्ध झाली. मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनच्या १९३५ सालच्या ‘हंटरवाली’त ऑस्ट्रेलियात जन्मलेली नादिया स्वतःच उड्या मारीत होती, आणि ती स्वतः मारते आहे हाच प्रेक्षकांचा आनंद होता. तिथे चेहरा आणि देह एकच होते, म्हणून टाळ्याही तिलाच मिळाल्या. हॉलिवुडने चेहरा वेगळा काढला आणि देह वेगळा. चेहऱ्याला सिंहासन मिळाले, देहाला रोजंदारी.

उशिरा का होईना, दखल घेतली गेली. एप्रिल १९६७ च्या समारंभात कनटला मानद ऑस्कर देण्यात आले. स्टंटमन म्हणून केलेल्या कामगिरीबद्दल आणि जगभरच्या स्टंटमनांच्या रक्षणासाठी साधने निर्माण केल्याबद्दल, असा त्याचा आशय होता. कामगिरीच्या जोडीला रक्षणाचाही उल्लेख केला, हे मला फार योग्य वाटते. १९७९ मध्ये ‘स्टंट मॅन’ ह्याच नावाने त्याचे आत्मचरित्र निघाले. २४ मे १९८६ रोजी, नव्वदी पार करून, तो वारला. हातात कागद-पेन धरणाऱ्या कित्येकांना जे आयुष्य लाभत नाही ते ह्या पडणाऱ्याला लाभले. तरी त्याच्या साधनांनी धोका नाहीसा झाला असे मात्र समजू नये. १९६२ च्या ‘हाउ द वेस्ट वॉज वन’मध्ये आगगाडीच्या प्रसंगात एका स्टंटमनला पाय गमवावा लागला. ‘स्टेजकोच’मधल्या त्या फरफटीला १९८१ च्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’मध्ये टेरी लेनर्डने धावत्या ट्रकखाली जाऊन मानवंदना दिली, आणि ट्रकखाली जाणे हे घोड्यांखाली जाण्याहून सोपे नव्हे.

ऑस्करच्या संस्थेने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले की, २०२७ साली प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून स्टंटच्या रचनेसाठी स्वतंत्र पारितोषिक दिले जाईल. चित्रपट दिसू लागल्याला सव्वाशे वर्षे उलटल्यावर पाठीकडे पाहण्याची बुद्धी झाली. होईना का. तोवर वाचकांनी एक करावे. ह्या सुटीत मुलाबाळांना घेऊन ‘स्टेजकोच’ पाहावा. पाठलाग सुरू झाला की वेनच्या चेहऱ्यावरून नजर काढावी, पुढच्या जोडीवर झेपावणाऱ्या त्या माणसावर ठेवावी, आणि तो गाडीखालून निघून धुळीत वळला की पोरांना त्याचे नाव सांगावे. नाव चुकीनेच पडलेले आहे. पण ते त्याचेच आहे.